विश्लेषण : ग्लॉक, सिग आणि ‘प्लास्टिक’ची पिस्तुले… चापातल्या काही ग्रॅमवरून अमेरिकेत एवढे वादळ का?

दिसायला सारखीच, वजनाला हलकी, काळ्या पॉलिमरच्या मुठीची ही पिस्तुले आतून मात्र एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. त्या फरकावर सैन्याची कंत्राटे, कोट्यवधी डॉलरचे खटले आणि पोलिसांचे जीव अवलंबून आहेत.

जुलै २०२५. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील एफ. ई. वॉरन हवाई दल तळावर एका जवानाचा गोळी लागून मृत्यू झाला. पिस्तूल होते एम १८, म्हणजे सिग साउअर कंपनीच्या पी ३२० या मॉडेलची लष्करी आवृत्ती. पिस्तुलातून गोळी ‘आपोआप’ सुटली, अशी चर्चा सुरू झाली आणि हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने एम १८ चा वापर तात्पुरता थांबवला. ऑगस्टमध्ये या प्रकरणाने वेगळेच वळण घेतले. तपासात एका सहकारी जवानाला सदोष मनुष्यवध आणि खोटे जबाब दिल्याच्या संशयावरून ताब्यात घेण्यात आले. तळावरील पिस्तुलांची तपासणी झाली आणि ती पुन्हा वापरात आली.

म्हणजे त्या घटनेत पिस्तूल दोषी ठरले नाही. तरीही पिस्तुलावर लगेच संशय का घेतला गेला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत पॉलिमर पिस्तुलांची रचना कशी बदलत गेली, त्यात दडले आहे.

पॉलिमर पिस्तूल म्हणजे नेमके काय?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘प्लास्टिकचे पिस्तूल’ पूर्ण प्लास्टिकचे नसते. पिस्तुलाचे ढोबळ दोन भाग करता येतील. वरचा भाग म्हणजे स्लाइड आणि तिच्या आतली नळी. गोळी सुटताना निर्माण होणारा प्रचंड दाब इथेच झेलला जातो, त्यामुळे हा भाग पोलादाचाच असतो. खालचा भाग म्हणजे फ्रेम. यात मूठ, चाप आणि मॅगझिन बसते. फ्रेमवर तुलनेने कमी ताण येतो, म्हणून ती नायलॉनवर आधारित पॉलिमरची करता येते. ज्या रुळांवर स्लाइड मागेपुढे सरकते, ते रूळ मात्र धातूचेच लागतात. फरक एवढाच की, कोणी ते पॉलिमरमध्ये साच्यातच रोवते, तर कोणी वेगळ्या धातूच्या सांगाड्यावर बसवते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचे महत्त्व कळेल.

पॉलिमरचे फायदे उघड आहेत. वजन कमी होते, गंज लागत नाही, थंडीत हाताला चटका बसत नाही. आणि कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा म्हणजे पोलादाचा ठोकळा तासत बसण्याऐवजी साच्यात ओतून फ्रेम झटपट तयार होते. बादल्या आणि खुर्च्या बनवणारे ‘इंजेक्शन मोल्डिंग’ तंत्र ते हेच. ग्लॉक १७ चे मॅगझिनशिवायचे वजन साधारण ६३० ग्रॅम भरते. दिवसभर कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्या पोलिसाला या हलकेपणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सुरुवात ग्लॉकने केली का?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसते. जर्मनीच्या हेक्लर अँड कोख कंपनीने १९७० मध्येच व्हीपी ७० हे पॉलिमर फ्रेमचे पिस्तूल बाजारात आणले होते. मॅगझिनमध्ये तब्बल १८ गोळ्या मावत. पण चाप इतका जड होता की नेम धरणे अवघड जाई. काळाच्या पुढचे, पण हाताला न रुचलेले पिस्तूल म्हणून ते मागे पडले.

बाजी मारली ती गॅस्टन ग्लॉक यांनी. ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम या गावात त्यांचा छोटा कारखाना होता. तिथे पडद्याचे रॉड बनत, पुढे सैन्यासाठी सुरे आणि खणायची फावडी बनू लागली. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वॉल्थर पी ३८ पिस्तूल बदलायचे होते. पन्नाशी ओलांडलेल्या ग्लॉक यांनी त्याआधी एकही पिस्तूल बनवलेले नव्हते. बंदुकांच्या धंद्यात नवखे असणे त्यांच्या पथ्यावर पडले. जुनी यंत्रे नव्हती, जुन्या सवयी नव्हत्या, पण प्लास्टिकच्या साच्यांचा अनुभव मात्र गाठीशी होता. नमुन्याच्या चाचण्या ते डाव्या हाताने घेत, असे सांगितले जाते. पिस्तूल हातात फुटलेच, तर आराखडे काढायला उजवा हात शाबूत राहावा म्हणून!

सैन्याने निविदेत १७ अटी घातल्या होत्या. त्यातली एक महत्त्वाची. दोन मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी गोळी सुटता कामा नये. बेरेटा, सिग, हेक्लर अँड कोख, स्टायर अशा नामवंत कंपन्यांना मागे टाकत ग्लॉकचे पिस्तूल १९८२ मध्ये निवडले गेले. ग्लॉक यांचा हा १७ वा पेटंट शोध, म्हणून नाव पडले ग्लॉक १७. त्याच्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात हा योगायोग.

अमेरिकेत हे पिस्तूल पोहोचले तेव्हा मोठा गहजब झाला. विमानतळावरील एक्स-रे यंत्रात हे दिसणारच नाही, अशा बातम्या आल्या. १९९० च्या ‘डाय हार्ड २’ या चित्रपटात तर नायक ‘ग्लॉक ७’ नावाच्या चिनी मातीच्या पिस्तुलाबद्दल बोलतो. असे पिस्तूल कधी अस्तित्वातच नव्हते. पोलादी स्लाइड आणि नळी असलेले ग्लॉक यंत्रात व्यवस्थित दिसते. पण या फुकटच्या प्रसिद्धीने ग्लॉकचे नाव घरोघरी पोहोचले. त्याच सुमारास, एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआय आणि सशस्त्र दरोडेखोरांत चकमक झाली. दोन एफबीआय अधिकारी मारले गेले. पोलिसांनी सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांच्या पिस्तुलाकडे वळावे, या मागणीला त्यानंतर जोर आला आणि ग्लॉक नेमके त्या वेळी बाजारात उभे होते.

ग्लॉकच्या चापात काय वेगळे आहे?

जुन्या पिस्तुलांत मागे एक घोडा असतो. चाप ओढला की घोडा आदळतो आणि गोळी सुटते. ग्लॉकमध्ये बाहेर दिसणारा घोडा नाही. त्याऐवजी स्लाइडच्या आत स्ट्रायकर नावाची स्प्रिंगवरची दांडी असते. पिस्तूल लोड केल्यावर ही स्प्रिंग अर्धवटच ताणलेली राहते. उरलेला ताण चाप ओढताना मिळतो आणि मगच स्ट्रायकर सुटतो. म्हणजे बोटाने काम केल्याशिवाय स्ट्रायकरकडे पुरेशी ऊर्जाच नसते.

बाहेरून दाबायचा सेफ्टीचा खटका ग्लॉकमध्ये नाही. तीन सेफ्टी आतच आहेत. पहिली डोळ्यांना दिसते. चापाच्या मधोमध एक बारीक पट्टी असते. बोट नीट ठेवून ती दबली तरच चाप मागे जातो. दुसरी सेफ्टी स्ट्रायकरचा मार्ग अडवून धरते आणि चाप मागे गेल्यावरच बाजूला होते. तिसरी पिस्तूल पडल्यावरच्या धक्क्याने आतील भाग निसटू देत नाही. चाप सोडला की तिन्ही पुन्हा आपोआप लागतात. पोलिसांना हे आवडले. ताणाच्या प्रसंगी खटका काढायला विसरण्याची भीती नाही.

पण याच साधेपणाची दुसरी बाजू आहे. ग्लॉकचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत हा बराच कमी. म्यानात ठेवताना शर्टाचे टोक किंवा बोट चापात अडकले, तर पिस्तूल आपले काम चोख करणार. न्यूयॉर्क पोलिसांनी यावर उपाय म्हणून चाप मुद्दाम जड करून घेतला, सुमारे साडेपाच किलोचा. त्याचा दुष्परिणाम काय होऊ शकतो, याची चर्चा ऑगस्ट २०१२ मध्ये रंगली. एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका हल्लेखोरावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. इतक्या जड चापाने नेम हलतो, अशी टीका झाली. हलका चाप चुकून ओढला जाण्याची भीती, तर जड चाप ओढताना नेम चुकण्याची. पिस्तुलाच्या रचनेत फुकट काहीच मिळत नाही.

आणखी एक खोट नेहमी दाखवली जाते. साफसफाईसाठी ग्लॉक उघडायचे तर आधी चाप ओढावा लागतो. नळीत गोळी उरली आहे का, हे न तपासता कुणी तसे केले की अपघात ठरलेला. नियमावली सांगते आधी तपासा. पण थकलेला माणूस नियमावली वाचत नाही, हे कोणताही मेकॅनिकल इंजिनीअर सांगेल.

स्मिथ अँड वेसनने काय वेगळे केले?

या अमेरिकी कंपनीचा पहिला प्रयत्न फारसा अभिमानाचा नव्हता. १९९४ मध्ये आलेले सिग्मा पिस्तूल ग्लॉकशी इतके मिळतेजुळते होते की ग्लॉकने थेट कोर्टात खेचले. १९९७ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर २००५ मध्ये कंपनीने एम अँड पी आणले आणि या वेळी ग्लॉकच्या दुखऱ्या जागांवर नेमके बोट ठेवले. पिस्तूल उघडताना चाप ओढण्याची गरज नाही, आत एक छोटी तरफ खाली केली की झाले. मुठीची मागची पट्टी हाताच्या मापानुसार बदलता येते. चापाच्या मध्ये पट्टी देण्याऐवजी चापच मधोमध बिजागरीसारखा वाकतो, काम मात्र तेच.

मुठीचे माप हा किरकोळ मुद्दा वाटेल, पण तसे नाही. पोलिस दलात महिला वाढल्या, वेगवेगळ्या उंचीची माणसे आली. एकाच मापाच्या मुठीवर सर्वांची बोटे चापापर्यंत नीट पोहोचत नाहीत. मुठीची पट्टी बदलण्याची कल्पना जर्मनीच्या वॉल्थर पी ९९ ने नव्वदच्या दशकातच आणली होती. ग्लॉकने मात्र २०१० मध्ये, चौथ्या पिढीत, ती स्वीकारली.

सिगचे पी ३२० इतके वेगळे का ठरले?

सगळ्यांत मोठी झेप इथे दिसते. २०१४ मध्ये आलेल्या पी ३२० मध्ये चाप आणि त्याची सारी यंत्रणा धातूच्या एका छोट्या सांगाड्यात बसवलेली आहे. याला फायर कंट्रोल युनिट म्हणतात. स्लाइडचे रूळही याच सांगाड्यावर. पॉलिमरची मूठ म्हणजे त्यावरचे निव्वळ कवच. हा सांगाडा काढून लहान मुठीत घातला की खिशात मावणारे पिस्तूल, मोठ्या मुठीत घातला की पूर्ण आकाराचे.

अमेरिकी कायद्यात ज्या भागावर अनुक्रमांक असतो, तोच भाग ‘बंदूक’ मानला जातो. ग्लॉकमध्ये तो क्रमांक फ्रेमवर असतो, त्यामुळे फ्रेम बदलणे म्हणजे नवे पिस्तूल घेणे. सिगमध्ये क्रमांक आतल्या सांगाड्यावर, त्यामुळे मूठ ही मोबाइलच्या कव्हरसारखी नुसती बदलायची वस्तू. एक पिस्तूल, अनेक मापे. सैन्याला हेच हवे होते.

अमेरिकी लष्कराने १९८५ पासून वापरात असलेले बेरेटा एम ९ बदलण्यासाठी ‘मॉड्युलर हँडगन सिस्टिम’ स्पर्धा घेतली. स्मिथ अँड वेसन २०१६ मध्येच बाद झाली. जानेवारी २०१७ मध्ये सिगला ५८ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट मिळाले आणि पी ३२० चे एम १७ व एम १८ झाले. ग्लॉकने हरकत घेतली. पण सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने जूनमध्ये ती फेटाळली. त्या निकालातून आकडे बाहेर आले. सिगची मूल्यांकित किंमत सुमारे १६ कोटी ९५ लाख डॉलर, तर ग्लॉकची २७ कोटी २२ लाख. दहा कोटींहून जास्त फरक! तांत्रिक गुणांची चर्चा कितीही झाली तरी एवढ्या तफावतीपुढे ग्लॉकला जिंकणे कठीणच होते. गंमत म्हणजे त्याच्या काही महिने आधी, २०१६ मध्ये, एफबीआयने मात्र ग्लॉकची निवड केली होती. त्याच देशात, त्याच ९ मिलिमीटर काडतुसासाठी, दोन मोठ्या यंत्रणांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

मग घोडे अडले कुठे?

पी ३२० ची मुळे सिगच्याच पी २५० या आधीच्या पिस्तुलात आहेत. ते घोड्यावर चालणारे होते. त्याच आराखड्यात घोड्याच्या जागी स्ट्रायकर आणून पी ३२० उभे राहिले. त्यामुळे नळी मुठीपेक्षा ग्लॉकच्या तुलनेत थोडी उंचावर आहे. नळी जितकी वर, तितके गोळी सुटताना पिस्तुलाचे नाक जास्त उसळते. हा झाला लहान फरक. मोठा फरक चापाजवळ आहे.

ग्लॉकचा स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो. पी ३२० चा चाप ओढण्याआधीच ताणलेल्या अवस्थेत असतो. त्याला अडवून धरणारी सेफ्टी आत आहेच. पण ग्लॉकसारखी चापातली पट्टी पी ३२० मध्ये नाही. चाप हलका, सरळ आणि गुळगुळीत वाटतो. नेमबाजांना हेच आवडते.

ऑगस्ट २०१७ मध्ये एका अमेरिकी शस्त्रविक्रेत्याने एक व्हिडीओ प्रसिद्ध केला. पी ३२० स्लाइडच्या मागच्या टोकावर, विशिष्ट तिरक्या कोनात पडले तर गोळी सुटते, असे त्यात दिसले. डॅलस पोलिसांनी पिस्तुलाचा वापर थांबवला. काही दिवसांतच सिगने ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर केली.

यामागचे विज्ञान एसटीने प्रवास करणाऱ्याला लगेच कळेल. चालकाने करकचून ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण प्रवासी पुढे फेकले जातात. पिस्तूल मागच्या टोकावर पडते तेव्हा फ्रेम एकदम थांबते, पण चाप आपल्या जडत्वाने मागे जात राहतो. मागे जाणे म्हणजेच ओढला जाणे. चापाचे वस्तुमान जितके जास्त, तितका हा ‘अदृश्य बोटा’चा जोर जास्त. ग्लॉकमधली बारीक पट्टी नेमके हेच रोखते. पट्टी इतकी हलकी की धक्क्याने ती दबत नाही आणि ती दबली नाही तर चाप अडकून राहतो. सिगने उपाय केला तो वेगळा. चाप, स्ट्रायकर आणि आतला सीअर हा भाग हलका केला आणि एक यांत्रिक डिस्कनेक्टर वाढवला. पट्टी मात्र दिली नाही.

मग कारखान्याच्या चाचणीत हे सापडले कसे नाही? अमेरिकेतील उद्योगाच्या मानकानुसार पिस्तूल चार फुटांवरून, ठराविक स्थितींत पाडून पाहिले जाते. पी ३२० त्यात उत्तीर्ण होते. पण त्या यादीत हा तिरका कोन नव्हता! प्रत्यक्षात पिस्तूल हातातून निसटते तेव्हा ते मानकांची यादी विचारून पडत नाही. पेंटॅगॉनच्या चाचणी विभागाने २०१८ च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालातही लष्करी पिस्तुलात पाडण्याच्या चाचणीत असाच प्रकार आढळल्याची आणि चापाचे भाग हलके करून तो दुरुस्त केल्याची नोंद आहे.

वाद मिटला नाही, तो का?

पाडल्यावर गोळी सुटणे हा एक प्रश्न, तो दुरुस्त झाला. पण त्यानंतर वेगळ्या तक्रारी वाढल्या. पिस्तूल पडले नाही, म्यानात किंवा खिशात होते आणि चाप न ओढता गोळी सुटली, असे पोलिस आणि नागरिक सांगू लागले. मिल्वॉकी पोलिसांनी पी ३२० सोडून ग्लॉककडे जाण्याचा निर्णय घेतला. कंपनीची भूमिका ठाम आहे. चाप ओढल्याशिवाय पी ३२० मधून गोळी सुटूच शकत नाही, असे ती सांगते.

न्यायालयांत चित्र संमिश्र आहे. अनेक दावे फेटाळले गेले. पण जून २०२४ मध्ये जॉर्जियात ज्युरीने २३ लाख ५० हजार डॉलरची आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरवली. फिलाडेल्फियाच्या प्रकरणात मुख्य मुद्दा होता बाहेरच्या सेफ्टीचा. लष्कराच्या एम १७ आणि एम १८ वर अंगठ्याने लावायचा खटका आहे. नागरिकांना विकलेल्या बहुतेक पी ३२० वर तो नाही. मग एकाच पिस्तुलाला सैनिकासाठी खटका आणि सामान्य माणसासाठी नाही, हे कसे? सिगचे मुख्यालय न्यू हॅम्पशायरमध्ये आहे. तिथल्या राज्याने मे २०२५ मध्ये कायदाच केला आणि बाहेरची सेफ्टी नाही म्हणून पिस्तूल सदोष, असा दावा करता येणार नाही अशी तरतूद केली. सिगच्या घरच्या राज्याने कंपनीसाठी ढाल उभी केली, असे टीकाकार म्हणतात. तसे म्हणायला जागाही आहे.

यात एक गोष्ट विसरता येत नाही. चाप ओढला गेला की नाही, हे घटनेनंतर सिद्ध करणे महाकठीण असते. ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याला आपली चूक मान्य करणे जड जाते आणि ज्याने पिस्तूल विकले, त्याला दोष मान्य करणे परवडत नाही. वायोमिंगच्या घटनेने हेच दाखवले.

ग्लॉक मात्र निर्दोष आहे का?

तसेही नाही. ग्लॉकची डोकेदुखी वेगळी आहे. ‘स्विच’ नावाचा नाण्याएवढा बेकायदा सुटा भाग लावून गुन्हेगार ग्लॉकचे चक्क मशीनगनमध्ये रूपांतर करतात. अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार हा तुकडाच मशीनगन मानला जातो. तरीही तो शहराशहरांत पसरला. शिकागो शहराने मार्च २०२४ मध्ये ग्लॉकवरच दावा ठोकला. असे रूपांतर सोपे जाईल अशी रचना कंपनीने वर्षानुवर्षे बदलली नाही, असा त्यांचा आरोप. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा रचनेच्या पिस्तुलांची दुकानांतील विक्री १ जुलै २०२६ पासून बंद करणारा कायदा केला. त्याच महिन्यात ग्लॉकने ‘व्ही सिरीज’ ही नवी मालिका जाहीर केली. चाळीस वर्षे ज्या मूळ यंत्रणेला हात लावला नव्हता, तिला हात लावण्याची वेळ आली.

पॉलिमरमुळे आणखी एक पेच उभा राहिला. फ्रेम पॉलिमरची असल्याने घरी पूर्ण करता येतील अशा अर्धवट फ्रेम, अनुक्रमांकाशिवाय, टपालाने विकल्या जाऊ लागल्या. यांतून तयार होणाऱ्या पिस्तुलांना ‘घोस्ट गन’ म्हणतात. या संचांवर नियंत्रण आणणारा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला. गॅस्टन ग्लॉक हे पाहायला नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दरम्यान दोन्ही घराण्यांची सोयरीकही झाली आहे. ग्लॉकच्या जुन्या पिढीच्या पेटंटची मुदत संपल्याने तिचे सुटे भाग आता अनेक कंपन्या बनवतात. डिसेंबर २०२४ मध्ये रुगर आणि मॅगपुल यांनी आणलेल्या आरएक्सएम पिस्तुलात आतले अनेक भाग ग्लॉकशी जुळणारे, पण अनुक्रमांक सिगसारखा काढता येणाऱ्या धातूच्या सांगाड्यावर. चापात मात्र पट्टी आहेच.

भारतात काय स्थिती?

ही पिस्तुले भारतात सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. ९ मिलिमीटर काडतूस आपल्याकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडते. ते सैन्य, निमलष्करी दले आणि पोलिसांसाठीच. परवानाधारकांच्या हाती दिसते ते मुख्यतः .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. एनएसजीचे कमांडो ग्लॉक वापरतात. पण भारतीय सैन्याचे वर्षानुवर्षांचे पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या कारखान्यात बनणारे ९ एमएम १ए. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या रचनेवरचे, संपूर्ण पोलादी, १३ गोळ्यांचे.

पुण्याचा संबंध येतो तो पाषाणच्या एआरडीईमुळे. डीआरडीओची ही प्रयोगशाळा आणि महूचे इन्फंट्री स्कूल यांनी मिळून ‘अस्मि’ हे मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत तयार केल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्यात मोठा वाटा. ‘अस्मि’ ग्लॉक किंवा सिगच्या वर्गातले नाही, त्यांच्यापेक्षा मोठे आहे. तरीही विचाराची दिशा तीच. वरचा भाग विमानांसाठी वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा भाग कार्बन फायबरचा आणि एकूण वजन दोन किलोंच्या आत. चापाचे काही भाग तर थ्रीडी प्रिंटिंगने बनवण्यात आले. २०२४ मध्ये सैन्याच्या नॉर्दर्न कमांडने अशी ५५० पिस्तुले घेण्याचे ठरवले. हैदराबादच्या लोकेश मशीन्स या कंपनीत ती तयार झाली.